दार उघडा, कपाट उघडायचंय

त्यानं दार उघडलं, तर समोर तो स्वतःच उभा. केस विस्कटलेले, बनियन उलटं, तोंडात दात घासायचा ब्रश. क्षणभर त्याला वाटलं, इतके दिवस एकटं कोंडून राहिल्यानं डोकं फिरलं की काय आपलं. तो जरा डावीकडे झुकला, तर समोरचाही झुकला... आणि बाजूच्या फटीतून कोणीतरी खुदकन हसलं.

आरसा होता तो. माझ्या कपाटाचा. आणि हसणारी होती माझी धाकटी.

धाकटीचं कुठे जुळलं, कसं जुळलं, असं अजून लोक मला विचारतात. जिन्यात जुळलं म्हटलं की नाकं मुरडतात. म्हणून एकदाच नीट सांगते. ज्यांना नाक मुरडायचंय त्यांनी शेवट वाचून मुरडावं.

ते दिवस सगळ्यांनी दारं लावून बसायचे होते. रस्त्यावर माणूस दिसला तरी पोलीस हटकायचे. आणि नेमकं तेव्हाच आमच्या घरमालकाचा मुलगा बायकापोरं घेऊन परत आला, त्याला राहायला घर हवं. मालक हात जोडून उभा राहिला. मी हात जोडणाऱ्याशी भांडत नाही. निघालो आम्ही दोघी. थोरली लेक लग्न होऊन लांब गेलेली, ह्यांना जाऊनही बरीच वर्षं झालेली. बिऱ्हाड म्हणजे मी, धाकटी, तिचं शिलाई मशीन आणि माझं कपाट.

कपाट साधंसुधं नव्हतं. ह्यांच्याशी आठवडाभर अबोला धरून मी ते करवून घेतलं होतं. शिसवी, अंगानं भरलेलं, आणि दारावर माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसेल असा आरसा.

नवं घर तिसऱ्या मजल्यावर. ते बघायला जायची परवानगी मिळाली ती एकाच माणसाला, म्हणून धाकटी गेली. मी तिला बजावलं होतं, जिना मोजून ये, कपाट चढायला हवं. मोजपट्टी कुठल्यातरी खोक्याच्या तळाशी गेलेली. मग काय, वीत आहे ना देवानं दिलेली. मी इकडे कपाट मोजलं, तिनं तिकडे जिना मोजला. जिना कपाटापेक्षा वीतभर जास्तच भरला. आम्ही खूश.

माझी वीत कधी चुकत नाही. तिचीही चुकली नव्हती. पण माझा पंजा केवढा आणि त्या पोरीचा केवढा, हे दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही.

टेम्पोला दुपारपर्यंतचाच पास होता. मी वर स्वयंपाकघर लावत होते तेवढ्यात हमालांनी कपाट दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आणलं आणि ते अडकलं. एक कोपरा कठड्यात, एक भिंतीत, आरसा एका बंद दाराकडे. ना वर, ना खाली. हमालांनी घाम पुसला, घड्याळ बघितलं, पोलिसांची भीती सांगितली आणि गेले. मी खाली येईपर्यंत टेम्पोचा धूरसुद्धा उरला नव्हता.

मी वरच्या पायरीवर उभी राहिले. त्या दोघांनी मला बघितलं नाही. दारातला मुलगा तोंडातला ब्रश कुठे लपवावा ह्या विचारात होता, आणि माझी लेक कठड्याला टेकून हसत होती. स्थळाची माणसं बघायला यायला लागली तेव्हापासून तिनं हसणं सोडलं होतं. कापड निवडावं तसं उलटसुलट करून बघतात मला, म्हणायची. मशीनवर वाकून वाकून पोरीचं हसू कुठेतरी उसवलं होतं. ते त्या दिवशी मी ऐकलं.

मला तेव्हा एक गोष्ट सांगता आली असती. मी नाही सांगितली. गप्प वर आले आणि डबे लावायला घेतले.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळी कामं बंद होती, पण इस्पितळाची लिफ्ट बंद राहून कसं चालेल? आजारी माणसाला उचलून किती जिने चढवणार? म्हणून फोन आला की हा अवजारांची पिशवी घेऊन निघायचा. आणि म्हणूनच अख्खी इमारत त्याला टरकून होती. आमचा सेक्रेटरी वरच्या मजल्यावर राहायचा, घरातसुद्धा गळ्यात शिट्टी घालून. लिफ्टच्या बटणांना दहा लोकांचे हात लागतात म्हणून त्यानं लिफ्टला कुलूप ठोकलं होतं. म्हणजे घरात लिफ्टवाला, आणि सगळे जिन्यानं. शिवाय ह्या मुलाच्या दारापुढे त्यानं खडूनं एक जाड रेघ मारली होती, तिच्या आत कोणी जायचं नाही.

माझं कपाट बरोबर त्या रेघेवर बसलं.

आमचे हमाल येऊन गेले आणि सेक्रेटरीनं बाहेरचा माणूस आत आणायला बंदी घातली, त्यामुळे सुतार येऊ शकत नव्हता. कपाट राहिलं तिथेच. लोक पोट आत ओढून, तिरके होऊन जायचे यायचे. सेक्रेटरीला पोट ओढायला जरा वेळ लागायचा. पण खरी गंमत वेगळीच होती. माझे सगळे कपडे त्या कपाटात. आणि कपाटाचं दार उघडायला पुढे जागाच नाही. समोरच्या घराचं दार आधी उघडलं तरच माझ्या कपाटाचं दार त्याच्या घरात शिरून उघडायचं.

दुसऱ्या दिवशी मी धाकटीला शाल आणायला पाठवलं. जिना म्हणजे भोंगा, खालचं सगळं वर ऐकू येतं. मी कान देऊन ऐकत होते असं कोणी म्हणू नये. कान उघडे होते, एवढंच.

तिनं दार वाजवलं. "दार उघडा, कपाट उघडायचंय."

"कोण?" आतून.

"कपाटाची मालकीण."

"मालकीण सकाळीच दम देऊन गेल्या. आरशाला हात लावायचा नाही म्हणून."

"मग त्यांची मुलगी समजा."

"समजा म्हणजे? आहात की नाही?"

मग कडी वाजली. मग माझ्या कपाटाची बिजागरी कुरकुरली. शाल काढायला किती वेळ लागतो? पोरगी वर आली तेव्हा चहा निवून गेला होता, आणि तिच्या हातात शाल नव्हती, चादर होती.

मग हे रोजचंच झालं. तो दार उघडायचा आणि लांब खिडकीशी जाऊन पाठ करून उभा राहायचा. आत बायकांचे कपडे, बघू नये म्हणून. मी एकदा कठड्यावरून वाकून बघितलं तेव्हा तो असाच उभा होता, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा, आणि खिडकीबाहेर रिमझिम चालली होती. धाकटी कपाटात डोकं घालून त्याच्याशी बोलत होती. तो पावसाशी बोलत होता. दोघांना वाटत होतं, अंतर पाळलंय.

घरात मात्र मला चादरींवर चादरी येऊ लागल्या. उकाड्यात शाल आली. मग ती शाल परत ठेवायला एक फेरी. मला एवढे कपडे लागतात हे माझं मलाच माहीत नव्हतं.

एकदा तिनं त्याला विचारलं म्हणे, तुमचा मास्क असा नाकावरून का घसरतो? तो म्हणाला, दुकानातले सगळे एकाच मापाचे असतात, आणि माझे कान देवानं सढळ हातानं दिलेत. माझी लेक शिंपीण. वाकडंतिकडं शिवलेलं तिला बघवत नाही. म्हणाली, माप द्या, मी शिवते. त्यानं लगेच हात गालाला लावला, वितीनं मोजायला.

"वीत नको," ती म्हणाली. "आमच्या घरात वितीनं एकदा घोळ केलाय."

"घोळ?" तो म्हणाला. "मला तर बरी वाटली तुमची वीत."

तेव्हा म्हणे धाकटीला कपाटातून डोकंच बाहेर काढवेना. कान लाल झाले होते, आणि आरसा नेमका त्याच्या बाजूला.

माप शेवटी दोऱ्यानं घेतलं. तिनं कपाटाच्या खणात दोरा ठेवला. त्यानं तो एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत धरून गाठ मारली आणि परत खणात ठेवला. हात हाताला लागला नाही. पण वर येऊन ती मशीनवर बसली, आणि कितीतरी वेळ मशीनचा आवाजच आला नाही. मी स्वयंपाकघरातून डोकावले तर दोऱ्याची ती गाठ बोटानं चाचपत बसलेली. मी मागे फिरले. अशा वेळी आईनं भांडी वाजवावीत, बोलू नये.

मग एका सकाळी त्याला इस्पितळातून बोलावणं आलं. तिथल्या दोन्ही लिफ्ट बंद पडलेल्या. तो गेला तो परतलाच नाही. आज नाही, उद्या नाही, परवाही नाही. काम संपेना, म्हणून तिथेच राहिलेला. धाकटी रोज खाली जायची, आरशापुढे उभी राहायची आणि रिकाम्या हातानं वर यायची. दाराला कुलूप, मग कपाट कसं उघडणार. शाल आणली नाहीस, मी मुद्दाम विचारायची. नको आता, गरम होतंय, म्हणायची. आणि बाहेर गार वारा सुटलेला.

खोटं कशाला बोलू, धास्ती मलाही होती. इस्पितळातून काय घेऊन येईल कोण जाणे. एका संध्याकाळी मी तिला सांगून टाकलं, तो आला तरी तू आता खाली जायचं नाहीस.

"मग कपाटाचं काय?"

"राहू दे तसंच. आहे त्यात भागवीन मी."

"तुझं भागेल आई," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि मशीन चालवायला लागली. रिकाम्या सुईनं. दोरा ओवायला विसरली होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी मीच उतरले, माझं कपाट बघायला. म्हटलं पुसून तरी यावं. पुसायला वाकले आणि थबकले. कपाटाचा जो कोपरा येणाऱ्याजाणाऱ्याच्या गुडघ्याला लागायचा, त्याला जाड काळं रबर बसवलेलं. लिफ्टच्या दाराला असतं ना, हात चेमटू नये म्हणून, तसलं. नीट कापून, नीट वळवून, लाकडाला एक खिळासुद्धा न मारता. पहिल्या मजल्यावरच्या म्हातारबुवांनी सांगितलं, कामावर जायच्या आदल्या दिवशी तोच करत होता. कोणाला लागू नये म्हणाला.

ज्यांनी दारापुढे रेघ मारली, त्यांच्या गुडघ्यांची काळजी करत बसला होता हा मुलगा.

मी रबरावरून हात फिरवला. मग वर येऊन धाकटीला म्हटलं, सुईत दोरा ओव. आणि तो आला की माझी शाल घेऊन ये.

तो आला. खाली फाटकाशी अंगावर पाणी घेऊन, कपडे बदलून, बूट बाहेर ठेवून वर आला. तपासणी करून आला होता, काही निघालं नव्हतं. पण तो पायऱ्या चढेपर्यंत सेक्रेटरी वरून शिट्टी वाजवत खाली. इमारतीच्या लोकांनी ठरवलंय म्हणे. त्याच्या घरमालकाशीही बोलणं झालंय. येत्या रविवारी त्यानं घर सोडायचं. टेम्पोचा पास काढून दिलाय, आणखी काय करायचं आम्ही, असं उपकार केल्यासारखं सांगून सेक्रेटरी गेला.

मुलगा भांडला नाही. मला राग आला तो त्याचाच.

त्या दिवशी धाकटी शाल आणायला गेली ती दार न वाजवता. दार उघडंच होतं. तो अवजारं पिशवीत भरत होता.

"जाणार?"

"जावं लागेल. लोक घाबरलेत. त्यांचंही चुकीचं नाही."

"आणि तुम्ही? तुम्हाला नाही भीती वाटत?"

"मी त्या खड्ड्यात उतरतो तेव्हा डोक्यावर लिफ्ट लटकत असते," तो म्हणाला. "सवय झालीय. भीती मला फक्त..."

ती उभी राहिली. तो पिशवीची चेन लावत बसला. लागलेली चेन परत लावत बसला. शेवटी ती वर आली. शाल आणली होती, पण ती हातात तशीच घेऊन माझ्याजवळ बसली. रडली नाही. माझी लेक आहे. फक्त म्हणाली, "आई, पलंग निघणार नाही त्याचा."

मी बघतच राहिले तिच्याकडे. मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मला माझ्याच लेकीचा अभिमान वाटला.

रविवारी टेम्पो आला. सेक्रेटरी शिट्टी घालून पुढे. आणि दुसऱ्या मजल्यावर सगळं थांबलं. दारातून माणूस तिरका होऊन निघत होता, पण पलंग, टेबल, काहीच निघेना. माझं कपाट आडवं.

सेक्रेटरी मला म्हणाला, काकू, तुमचं कपाट हलवा.

मी पदर नीट केला आणि वरच्या पायरीवरूनच बोलले. वरच्या पायरीवरून बोललेलं लोक नीट ऐकतात. म्हटलं, हलवते की. सुतार लागेल. बोलवू बाहेरचा सुतार?

तो म्हणाला, बाहेरच्याला बंदी आहे.

म्हटलं, मग चार धट्टेकट्टे हमाल? तर त्यांनाही बंदी. मग तुम्हीच लावता का खांदा? म्हाताऱ्या बाईचं कपाट आहे, हात लावा, उचला. पण ते ह्या मुलाच्या दाराला टेकलंय, आणि तुमचीच रेघ आहे तिथे, आत कोणी जायचं नाही अशी. ती तेवढी ओलांडावी लागेल.

जिन्यात कोणीतरी हसलं. पहिल्या मजल्यावरचे म्हातारबुवा असावेत. सेक्रेटरीनं कपाटाकडे बघितलं, रेघ कुठे दिसते का बघितलं, आणि पोट आत ओढून निघून गेला. कपाट हलेपर्यंत मुदत, असं त्यानं वर जाऊन जाहीर केलं. टेम्पो रिकामा परत गेला.

धाकटीनं आरशात बघून केस मागे सारले. दारात तो उभा होता. दोघांनी आरशातच एकमेकांकडे बघितलं, आणि मी घाईनं वर आले. मला काम होतं.

मग दिवस सरकले. बंधनं थोडी थोडी उठायला लागली. दुकानं उघडली, रस्त्यावर माणसं दिसायला लागली. लोकांची भीतीही ओसरली, आणि एक दिवस सेक्रेटरीनंच कुलूप काढलं आणि बंद राहून अडलेली लिफ्ट चालू करून द्याल का म्हणून त्याला विचारलं. त्यानं दिली करून. घर सोडायचा विषय आपोआप मागे पडला. पण सुतारांनाही आता यायला मोकळीक झाली होती. मी शेजारणीकडून एकाचा फोन मिळवला. उद्या येतो म्हणाला.

हे ऐकून घरात एकाच माणसाचा चेहरा उतरला.

त्या संध्याकाळी ती खाली गेली. दार वाजवलं.

"दार उघडा, कपाट उघडायचंय." आवाजात नेहमीचा जोर नव्हता. "उद्या सुतार येतोय. उद्यापासून त्रास नाही तुम्हाला."

तो ह्या वेळी खिडकीशी गेला नाही. दारातच उभा राहिला.

"सुतार कशाला?" तो म्हणाला. "हे कपाट सुटं होतं. खालचा खणांचा भाग वेगळा, वरचा वेगळा. बाजूनं सांध्याची रेघ दिसते, बघा. आतून पेच असणार. पेचकस आहे माझ्याकडे, सुटं करायला चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ लागेल."

"कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी. तोंडातला ब्रश काढला तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर दुसऱ्या दिवशी दार कोणी वाजवलं असतं?"

वरच्या झरोक्यावर पावसाची भुरभुर तेवढी. मी वरच्या पायरीवर उभी.

"खरं सांगू?" माझी लेक म्हणाली. "मलाही माहीत होतं. लहान होते तेव्हा मागच्या घरी ते असंच सुटं करून चढवलं होतं. सगळे पेच वाटीत धरून मीच बसले होते."

"म्हणजे तुम्ही..."

"म्हणजे मी. आता तुम्ही बोला. त्या दिवशी भीती कशाची म्हणत होतात?"

"कपाट हलवलं की... तुम्ही..."

"तुम्ही लिफ्टवाले ना? मग मजल्याच्या मधेच काय अडकता?"

तो हसला. मास्क तिनं शिवलेला, त्यामुळे घसरला नाही, पण डोळे हसले. आणि मग एका दमात बोलला, "कपाट नसतानाही दार वाजवायला या. नाहीतर वाजवायची गरजच पडणार नाही असं काहीतरी करू. लग्न करू. चालेल?"

"चालेल," धाकटी म्हणाली. "पण आईला विचारावं लागेल. कपाट तिचं आहे."

"विचारायला कशाला हवं," मी म्हटलं. दोघं दचकले. मी पायऱ्या उतरून खाली आले, कमरेवर हात ठेवून. "ते कपाट मी समोर बसून करवून घेतलंय. कुठे पेच आहे ते मला माहीत नसेल? तुम्हा दोघांना वाटलं, तुम्हीच शहाणे."

मुलगा म्हणाला, "मावशी, मग सुतार..."

"तुम्ही दोघं असेच घुटमळत बसला असता. कोणीतरी उद्याची भीती घालायला हवी होती. जा, पेचकस आण."

सुताराला मी फोन करून येऊ नकोस म्हणून कळवलं. कपाट त्या मुलानंच सोडवलं. धाकटी वाटीत पेच धरून बसली, लहानपणी बसली होती तशीच. दोन्ही भाग सुटे झाल्यावर त्यानं मला विचारलं, आता वर चढवू ना?

मी जिन्याकडे बघितलं, मग त्याच्या दाराकडे. वर कशाला, म्हटलं. आत घे.

तेव्हापासून कपाट त्याच्याच घरात आहे. वर माझ्याकडे ते कधी आलंच नाही. थोड्याच दिवसांत, चार माणसांत लग्न लावून, धाकटीनंही घर बदललं, एक मजला खाली. त्याला पास लागला नाही, टेम्पो लागला नाही. मशीन दोघांनी मिळून उचललं आणि उतरले. ती खडूची रेघ तिनं पहिल्याच दिवशी ओल्या फडक्यानं पुसली.

कपडे मात्र माझे अजून त्याच कपाटात आहेत. खालचा खण माझा, तो मी सोडलेला नाही. शाल हवी झाली की मी खाली उतरते आणि दार वाजवते. पण त्याआधी पायरीवर उभी राहून चांगली मोठ्यानं खोकते. आतली कुजबुज थांबते, काहीतरी पडतं, कोणीतरी हसतं. मग मी म्हणते, दार उघडा, कपाट उघडायचंय.